व्हय म्हणायला कोणीतरी हवे

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट न विचारता केली नाही. घर बांधायच्या किंवा विहीर खणायच्या आधी देवाला विचारावे, एवढे आपल्याकडे सगळेच मानतात. पण चहात दुसऱ्यांदा साखर घालायच्या आधी डोंगराकडे तोंड करून पुटपुटणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. फणस काढायचा तर ते आधी झाडाला विचारत, मग फणसाखाली निजलेल्या कुत्र्याला उठवण्याबद्दल कुत्र्याला विचारत. झाडाने काय उत्तर दिले ते फक्त त्यांनाच कळे. कधीकधी झाड नाही म्हणे. मग फणस झाडावर पिकून, खाली पडून, फुटून सगळ्या वाड्यावर वास सुटला तरी त्यांच्या घरात गरा येत नसे आणि विहीणबाई शेजारणीकडून मागून आणत. एकदा त्यांचा पाय मुरगळला तेव्हा काठी तोडण्याऐवजी ते एका किंदळाच्या झाडाकडे काठी मागून आले आणि झाड आपण होऊन फांदी टाकीपर्यंत अख्खा पावसाळा लंगडत राहिले. फांदी पडली तेव्हा पाय बरा झालेला होता. तरीही पुढे कित्येक दिवस ते ती काठी टेकत हिंडले. मी विचारले, तर म्हणाले, "दिलला परत कसा करायचा? झाडाक वायट वाटात."

हे सगळे आता लिहायचे कारण असे, की त्यांच्याबद्दल त्यांच्या गावात एक गोष्ट सांगितली जाते आणि ती चूक आहे. चूक आहे हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे. पण ते ओघाने येईल. व्याह्यांच्या गोष्टीत घाई केलेली त्यांना चालत नसे.

त्यांचे गाव इब्रामपूरच्याही वर, डोंगरात. मी डिचोलीचा. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या फेऱ्या लावण्यात माझी सगळी नोकरी सरली. रस्ता दिसला की तो कुठे जातो हे विचारण्याआधी त्यावरून भरलेला ट्रक जाईल का हे मी बघतो. त्या वेळच्या सवयींतली ही एक अजून मोडलेली नाही. त्यांच्या मुलीचे स्थळ माझ्या मुलाला सांगून आले आणि आम्ही बघायला गेलो, तेव्हा मोटार देवळापाशी सोडून पुढे चढ चालावा लागला. माझी बायको आधीच नाराज होती. "मोटर जात नाही अशा घरची सून?" असे ती वाटेत दोनदा म्हणाली. चढाच्या मध्यावर देवाच्या नावाने राखलेले रान लागते. आमच्याकडे त्याला राय म्हणतात. तिथे पहिल्या झाडाखाली एक उघडाबंब, दांडगा गृहस्थ वाट अडवून उभा होता.

"वाणो हयच काढा," तो म्हणाला. हीच आमची पहिली भेट.

आम्ही वहाणा काढल्या. मग त्यांनी हात जोडले आणि असा काही आवाज लावला, की माझा ड्रायव्हरही सावधान उभा राहिला. "बा देवा महाराजा, रायेच्या राखणदारा महाराजा! आज ही डिचोलेची पावणी माणसां तुझ्या वाटेर इली आसत. झील शिकललो आसा. बापाशीचा पॉट सुटला आसा, पण मनान बरो दिसता. आवशीक चढ झेपना नाय, तिका सांबाळून ने. उणां-दुणां काय आसात तर पोटात घाल आणि ही सोयरीक गोड कर रे महाराजा!"

असे गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेले साकडे, कानावर पडले की आपल्याकडच्या माणसाचे तोंड त्याच्या डोक्याला विचारत नाही. आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "व्हय महाराजा!" त्यात माझ्या बायकोचा आवाज सर्वांत खणखणीत होता. परत येताना मी तिला विचारले, "मग, काय ठरवलंस?" ती म्हणाली, "आता काय ठरवायचं? देवासमोर व्हय म्हणून बसले ना मी!" मुलगी कशी आहे हे आम्ही नंतर पाहिले. ती फार गुणी निघाली, हा आमचा नशिबाचा भाग.

लग्नाचे पहिले आमंत्रण देवाला द्यायची रीत सगळीकडे असते. व्याह्यांनी दुसरे राखणदाराला, म्हणजे रान राखणाऱ्या न दिसणाऱ्या देवाला दिले, तिसरे रायेतल्या तळ्याला दिले आणि नंतर रायेत हिंडून कोणाकोणाला तोंडी सांगितले ते त्यांनाच ठाऊक. लग्नाच्या दिवशी मंडपाच्या खांबांना बांधलेले केळीचे घड वानरांनी मांडवावर बसून निवांत खाल्ले. आमच्याकडची तरुण मुले काठ्या घेऊन धावली, तर वधूपिता मुंडावळ्या बांधलेल्या मुलीला बोहल्यावर सोडून मध्ये आडवा. "हाकलतास कित्या तेंका? आमंत्रण दिलला आसा!" मग आमच्या भटजींकडे वळून अगदी अजिजीने म्हणाले, "पयल्या पंगतीक तीच बसली, काय इलाज."

त्यांच्या स्कूटरला किक मारायच्या आधीही गाऱ्हाणे असे. सुरू झाली नाही तर ते स्पार्कप्लग बघत नसत. "आज राखणदार सोडीना," म्हणून टोपी काढून घरात येत. दातांच्या डॉक्टरकडे त्यांना राखणदाराने कित्येक वर्षे जाऊ दिले नाही. माझ्या मुलाने एकदा आम्हा सर्वांना हौसेने मांद्र्याला नेले, समुद्राला लागून असलेल्या एका गेस्ट हाऊसवर. व्याही किनाऱ्यावर जाऊन अडले. समुद्र कोणाच्या ताब्यात आहे हे कळल्याशिवाय पाण्यात पाय कसा घालायचा? त्यांनी गेस्ट हाऊसच्या रखवालदाराला गाठले. तो बेळगावकडचा, साधा माणूस. "हयचो राखणदार कोण?" यांनी विचारले. "मीच की हो, काय पायजे?" तो म्हणाला. व्याह्यांनी त्याला नीट न्याहाळले, सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून घेतलेला उंडा पाव त्याच्या हातावर ठेवला आणि सबंध गाऱ्हाणे त्याला घातले. आजूबाजूचे गोरे पाहुणे हात जोडून उभे राहिले. आम्ही व्हय महाराजा म्हटले. रखवालदाराने उंडा छातीशी धरून गंभीरपणे सांगितले, "जावा. पण लई खोल नको." व्याही घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून आले आणि पुढे वर्षानुवर्षे त्या माणसाची आठवण काढत. "बरो राखणदार. कामात चोख."

हसायला येते खरे, पण त्यांच्या या विचारण्यामुळे काय शिल्लक राहिले होते ते पाहायला तुम्ही त्या तळ्यावर गेला असता तर हसू मावळले असते. रायेच्या मधोमध, डोंगराच्या ओंजळीत धरल्यासारखे ते पाणी. काठावर उभे राहिले की तळातली पाने मोजता येत. पहाटे गवे येऊन पाणी पिऊन जात आणि त्यांच्या खुरांचे ठसे ओले असतानाच माडगरुडांचे, म्हणजे धनेशांचे जोडपे पंखांचा घूं घूं आवाज करत डोक्यावरून जाई. तिथे साबण न्यायचा नाही, दगड टाकायचा नाही, पडलेल्या लाकडाखेरीज काडी उचलायची नाही. पणजीहून एकदा निसर्गप्रेमी मंडळी शाल आणि श्रीफळ घेऊन त्यांचा सत्कार करायला आली. व्याह्यांनी त्यांचे बूट काढवले, प्रत्येकाचे नाव-गाव राखणदाराला सांगितले, ध्वनिक्षेपकासाठी परवानगी मागितली आणि ती मिळाली नाही. सत्कार कुजबुजत झाला. मंडळींनी विचारले, एवढे रान तुम्ही कसे वाचवले? व्याही गोंधळले. म्हणाले, "मी खय काय केलंय? इचारीत रवलंय. झाडां नाय म्हणत रवली."

गाऱ्हाण्याचा एक नियम ते फार कडक पाळत. घालणाऱ्याने आपले व्हय आपण म्हणायचे नसते. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणावे लागते. "आपल्या पाठीर आपणच थाप मारल्यार काय उपेग?" असे ते म्हणत. त्यामुळे विहीणबाई असेपर्यंत त्या स्वयंपाकघरातून, परसातून, न्हाणीतूनही दिवसभर व्हय महाराजा म्हणत असत. त्या गेल्या. वर्षभरात माझी बायकोही गेली. मुलगा-सून परदेशात गेले ते तिकडेच रमले. दोन घरांच्या सोयरिकीत आम्ही दोन म्हातारे तेवढे उरलो. मी दर महिन्याला त्यांच्याकडे जाऊन राहू लागलो. ते पेज वाढत, मी खाई, आणि घरात दोघांच्या चमच्यांचा आवाज होई.

माझे गुडघे मात्र तो चढ चढताना बोलू लागले. आणि त्याच सुमारास रस्त्याचे निघाले. डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर बंगले बांधू म्हणणारी एक कंपनी आली. रायेच्या एका कडेने रस्ता काढू द्या, म्हणजे तुमच्या वरच्या वाड्यालाही डांबरी रस्ता मिळेल, असे तिचे म्हणणे. गावाला रस्ता हवाच होता. आजाऱ्याला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर बसवून, चौघांनी खाली आणावे लागे. व्याही एकटे विरुद्ध. ते म्हणाले, रस्ता व्हावा, पण लांबच्या वळणाने जाऊ दे, तळ्याच्या वरून नको. त्यांनी मला विचारले, "व्याहीबाब, तुमी रस्त्यातले जाणकार. वरसून रस्तो गेलो तर तळ्याचा काय जातला?"

मला माहीत होते. सुर्ल्यात मी जन्म काढला होता. उतार कापला की पहिल्याच पावसात माती कुठे जाते हे मला झोपेतही सांगता आले असते. पण मला माझे गुडघेही माहीत होते. मी म्हणालो, "नीट केला तर काही होत नाही."

शेवटी कौल घ्यायचे ठरले. आमच्याकडे देवाच्या पाषाणाला भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. आश्विनातली उकाड्याची दुपार होती, देऊळ माणसांनी भरलेले. मला मानाने गाभाऱ्याच्या दाराशी, खांबाला टेकून बसवले होते, कारण गाभाऱ्यासमोरचा भिंतीवरचा पंखा आदल्याच वर्षी मी देवळाला दिला होता. त्यावर माझे नावही होते. पुजाऱ्याने पाकळ्या लावण्याआधी तो बंद केला होता. रायेच्या कडेने रस्ता काढू का, असे विचारून झाले आणि पाकळ्या हलेनात. अंगातून घामाच्या धारा लागल्या. पंख्याचे बटण माझ्या खांद्याशी होते. माझा हात वर गेला.

पंखा फिरला, वाऱ्याची झुळूक आली, बरे वाटले आणि उजवी पाकळी पडली. एकच गलका झाला. सगळ्यांचे डोळे देवाकडे होते. मी बटण बंद केले. चालू करताना माझ्या मनात खरेच काही नव्हते. बंद करताना होते.

व्याही उठले, हात जोडले आणि म्हणाले, "जाता तर जाता. तुझी इच्छा." गावाने त्याच दिवसापासून सांगायला सुरुवात केली, की म्हातारा फार ताणत होता म्हणून देवानेच त्याला गप्प केले. हीच ती गोष्ट. आजही चहाच्या दुकानात सांगतात. म्हणून स्पष्ट लिहितो: देव त्यांच्या विरुद्ध गेला नव्हता. तो मी होतो.

झाडे तोडण्याआधी राखणदाराला सांगायचा मान व्याह्यांच्या घराण्याचा. दुसरा कोणी असता तर एकच गाऱ्हाणे घालून मोकळा झाला असता. व्याही खुणा केलेल्या प्रत्येक झाडापाशी गेले. त्यांचे तळवे सालीवर टेकलेले होते. "बा महाराजा, देवान व्हय म्हटल्यान. माका नाय म्हणूक येणा नाय. तुझ्यार जी काय पाखरां-जिवजंत आसत, तेंका दुसरी जागा दाखय." मागून गाव व्हय महाराजा म्हणत होते. मीही म्हणत होतो, आणि माझा आवाज मला इतरांपेक्षा मोठा वाटत होता. किंदळापाशी आले तेव्हा त्यांनी सोबत आणलेली ती जुनी काठी त्याच्या बुंध्याशी टेकवून ठेवली. बोलले मात्र काही नाहीत. आम्हाला व्हय कशाला म्हणायचे ते कळेना, तेव्हा आम्हीही गप्प राहिलो.

नव्या रस्त्याने त्यांच्या अंगणापर्यंत गेलेली पहिली मोटार माझी.

मृगानंतर डोंगराची लाल माती उतरली आणि तळे गढूळ झाले. ते निवळले नाही. पुढच्या पावसात गाळ इतका भरला, की काठ कुठे संपतो ते कळेना. गव्यांची वाट बदलली. माडगरुडांचा घूं घूं आवाज बंद झाला. बंगल्यांचे कागदांत कुठे काय अडले कोण जाणे, कंपनी निघून गेली. रस्ता आजही सड्यावर जाऊन करवंदीच्या जाळीत संपतो. आणि व्याही विचारायचे थांबले. चहात साखर घालताना डोंगराकडे बघत नसत. स्कूटरला मुकाट्याने किक मारत, आणि ती मेली पहिल्या किकला सुरू होई. दातही काढून आले. माणूस चारचौघांसारखा झाला, असे गावाला वाटले. मला त्यांच्या अंगणात बसवेना.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. मी पोदेराच्या सायकलीपाशी उंडे घेत उभा होतो. "व्याहीबाब, जरा व्हय म्हणशात?" त्यांनी रस्त्याच्या कापलेल्या कडेला जांभळाचे रोप लावले होते, मुळांनी माती धरावी म्हणून. गाऱ्हाणे घालून झाले होते आणि व्हय म्हणायला कोणी नव्हते. गावातले कोणी येत नव्हते. देवाने निकाल दिल्यावर पुन्हा त्याच जागी झाडे लावणे लोकांना बरे वाटत नव्हते. मी भर रस्त्यात मोठ्याने म्हणालो, "व्हय महाराजा!" पोदेर दचकून म्हणाला, "फोनार कोण, सायबा?" मी म्हटले, "माझे व्याही." तेव्हापासून ते रोज फोन करू लागले. आज किंदळ, उद्या नाणा, परवा पुन्हा जांभूळ, कारण आधीचे गुरांनी खाल्ले. "गुरांक इचारूचा रवला," असे ते कबूल करत. डिचोलीच्या बाजारात, बँकेत, दवाखान्यात मी व्हय महाराजा म्हणत असे आणि गाव व्याह्यांकडे बघे तसे लोक माझ्याकडे बघू लागले.

गेल्या मृगाच्या तोंडावर आम्ही तळ्यापाशी दोन कदेली टाकून बसलो होतो. गाळावर गवत उगवले होते. मला राहवेना. मी म्हणालो, "व्याहीबाब, कौलाच्या दिवशी पंखा मी लावला होता."

ते ओरडतील असे मला वाटले. ओरडले असते तर बरे झाले असते.

"देवान व्हय म्हटल्यान म्हणान मी झाडांका सांगलंय," ते म्हणाले. "एकेकाक हात लावन सांगलंय. आता खयच्या तोंडान तेंका सांगू, की तो पंखो होतो?"

मग अगदी हळू म्हणाले, "तुमीच सांगा. तुमी गाऱ्हाणा घाला. मी व्हय म्हणतंय."

माझी जीभ उचलेना. चारचौघांत नव्हे, त्यांच्या एकट्यासमोरसुद्धा. मी म्हणालो, "पाऊस होऊन जाऊ दे. मग नीट घालू." ते "बरा," म्हणाले आणि दोन्ही कदेली उचलून घरी घेऊन गेले, मला एकही उचलू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी फोन येणार नाही असे धरून मी उंडे आणायला गेलोच नाही. फोन आला. "व्याहीबाब, नाणो लायलंय. व्हय म्हणा." मी म्हटले. त्यानंतर रोज व्हय म्हणून झाले, की ते फोन लगेच ठेवत नसत. थोडा वेळ थांबत. ते कशासाठी थांबतात हे मला माहीत होते. मी म्हणे, "पाऊस बरा आहे ना तिकडे?" ते म्हणत, "आसा बरो." मग फोन ठेवत.

श्रावणात ते गेले. झोपेतच गेले. एवढी एक गोष्ट त्यांनी कोणाला न विचारता केली.

आता मी सोमवारी वर जातो. मोटार देवळापाशी सोडतो. रस्ता माझ्या मोटारीसाठीच झाल्यासारखा समोर पडलेला असतो, पण मी चालतो. गुडघ्यांना जे बोलायचे ते बोलू दे. राय सुरू होते तिथे वहाणा काढतो. कापलेल्या कडेने त्यांची झाडे उभी आहेत, काही माझ्या कमरेएवढी, काही खुरटलेली, काही गुरांनी खाऊन पुन्हा फुटलेली. मला गाऱ्हाणे घालता येत नाही, शब्द मागेपुढे होतात. तरी प्रत्येक झाडापाशी सांगतो, माझे नाव सांगतो, गाव सांगतो, पंख्याचे सांगतो. तळ्यापाशी शेवटचे सांगून होते. मग मी थांबतो. वारा असला तर पाने हलतात, नसला तर नाही. आपले व्हय आपण म्हणायचे नसते. म्हणून मी आणखी थोडा वेळ थांबतो, आणि मग वहाणा हातात घेऊन त्या डांबरी रस्त्याने अनवाणी खाली उतरतो.